पिंग जातोय, तरी नेटवर्क बंद

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातलं केम हे कुंकवाचं गाव. इथं तयार होणारं कुंकू राज्यातल्या देवस्थानांच्या बाजारात पोचतं. गावाची दुसरी ओळख उत्तरेश्वराचं देऊळ. तिसरी ओळख रेल्वेची. तिचं गावकऱ्यांना फारसं अप्रूप नसेल, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या दारातच आहे. जीआयपी कंपनीचा लोहमार्ग १८५९-६० या काळात पुण्याकडून या माळरानावरून सोलापूरकडे सरकत गेला. आज तोच मार्ग दुहेरी झालाय, त्यावर विजेची इंजिनं धावतात. मुंबईहून पुण्यामार्गे बंगळुरूला जाणारी उद्यान एक्स्प्रेसही केमवरूनच जाते. पकडायची तर कुर्डुवाडी जंक्शन गाठावं लागतं, इतकंच.

या गाडीच्या शेवटच्या टोकाला एक परीक्षा होते. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत रात्रपाळी करणारी हजारो मुलं तिचं नाव जरा दबकूनच घेतात. सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट, म्हणजेच सीसीआयई. तिचा लेखी टप्पा पुण्यातच काय, घरबसल्याही देता येतो. लॅबसाठी मात्र बंगळुरूला सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या केंद्रात स्वतः हजर व्हावं लागतं. आठ तास एका खुर्चीत बसून पडद्यावरचं जाळं उभं करायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि उठायचं. इथे निबंध लिहून भागत नाही आणि तोंडी परीक्षेत गोड बोलून वेळही मारून नेता येत नाही. माहितीचं पाकीट जाळ्यातून पलीकडे पोचलं तर गुण, नाहीतर शून्य.

परीक्षा सुरू झाली १९९३ साली. सिस्को तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची होती. यशस्वी उमेदवाराला एक क्रमांक द्यायचा असं ठरलं आणि मोजणी १०२४ पासून सुरू झाली. दोनाचा दहावा घात म्हणजे १०२४, संगणकवाल्यांचा लाडका आकडा. पण तो पहिला क्रमांक कुणा माणसाला मिळालाच नाही, तो खुद्द प्रयोगशाळेला देण्यात आला. १०२५ मिळाला पहिली परीक्षा रचणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांना. बाहेरून येऊन परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेले पहिले उमेदवार टेरी स्लॅटरी, त्यांचा क्रमांक १०२६. आता ही मोजणी साठ हजारांच्या पुढे गेली आहे. क्रमांक जन्मभर त्याच माणसाचा राहतो, दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. मुलाखतीला गेल्यावर ‘नंबर काय?’ असा प्रश्न येतो तो याच अर्थाने. लग्नाच्या बायोडेटात तो कुणी छापला असल्यास नवल वाटायला नको.

सुरुवातीला ही परीक्षा दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी उमेदवाराने खरेखुरे राउटर-स्विच जोडून जाळं उभं करायचं. दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेला की परीक्षकाने ते मुद्दाम मोडून ठेवायचं. परत आल्यावर कुठे काय मोडलं ते शोधून दुरुस्त करायचं. पहिल्या दिवशी पुरेसे गुण नसतील तर दुसरा दिवस बघायलाच मिळत नसे. ऑक्टोबर २००१ मध्ये परीक्षा एका दिवसावर आली. तिच्या आराखड्यात त्यानंतरही अनेकदा उलथापालथ झाली, पण मोडलेलं जाळं दुरुस्त करणं हा तिचा गाभा आजही तोच आहे. या व्यवसायात पगार त्याचाच मिळतो.

आजचा आराखडा फेब्रुवारी २०२०चा. एंटरप्राइझ शाखेच्या उमेदवाराने आधी ‘एन्कोर’ नावाची लेखी परीक्षा द्यायची, तिची फी ४०० डॉलर. ती पास झाली की तीन वर्षांच्या आत लॅब. लॅबचे दोन भाग. पहिले तीन तास नुसती रचना. एका काल्पनिक कंपनीचे नकाशे, अधिकाऱ्यांच्या ईमेल, बैठकीतली भांडणं असा सगळा ऐवज समोर येतो आणि त्यावरून कोणता मार्ग निवडायचा ते ठरवायचं. एकदा उत्तर देऊन पुढे गेलं की मागे येता येत नाही. नंतरचे पाच तास प्रत्यक्ष काम: उभारणी, चालवणं, सुधारणं. दोन्ही भागांत किमान गुण हवेत आणि बेरीजही जमायला हवी. अभ्यासक्रमात जुने मार्गशोधाचे प्रोटोकॉल आहेत, सुरक्षा आहे, शाखांची जोडणी सॉफ्टवेअरने चालवणारं एसडी-वॅन आहे, आणि १५ टक्के भार ऑटोमेशनवर, म्हणजे पायथनही आलं. राउटरच्या कमांड पाठ करून मोठ्या झालेल्या पिढीला हा शेवटचा भाग चांगलाच झोंबला.

आता एक टिकीट जवळून बघू. ‘टिकीट’ म्हणजे तक्रार, नेटवर्कवाल्यांचा रोजचा शब्द. परीक्षेतल्या प्रश्नांबद्दल बाहेर बोलायला बंदी असते, त्यामुळे हे उदाहरण परीक्षेतलं नाही. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात आणि कुठल्याही कंपनीच्या रात्रपाळीत सापडेल.

तक्रार अशी: एका कंपनीच्या दोन शाखा आहेत. एका शाखेतल्या संगणकावरून दुसऱ्या शाखेतला सर्व्हर दिसत नाही. नवशिका आधी दोन्ही टोकांचे राउटर उघडतो. तिथे सगळं ठीक. मग तो मधल्या सेवादात्याच्या जाळ्यात शिरतो. शाखांचे रस्ते एकमेकांना सांगण्याचं काम बीजीपी नावाच्या प्रोटोकॉलचं, आणि बीजीपीचं सत्रच उभं नाही. तो बीजीपीच्या ओळी पुन्हा पुन्हा तपासतो. शेजाऱ्याचा पत्ता बरोबर, क्रमांक बरोबर. अर्धा तास गेला. बीजीपी उभं राहायचं तर आधी सेवादात्याच्या दोन्ही टोकांच्या राउटरना एकमेकांचा आतला पत्ता माहीत हवा, आणि तो कळवण्याचं काम ओएसपीएफचं. मग ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ अशी कमांड मारली जाते. शेजारी दिसतो, पण ‘फुल’ अवस्थेत नाही. ‘एक्सस्टार्ट’वर अडकलाय.

इथे बरेच जण फसतात, कारण पिंग जातोय. शेजाऱ्याला हाक मारली की तो ओ देतोय. हॅलो पाकिटंही दोन्हीकडून येत-जात आहेत, म्हणून तर शेजारी दिसतोय. मग ओळख पुढे का सरकत नाही? कारण हॅलो आणि साधा पिंग ही छोटी पाकिटं. हॅलो झालं की ओएसपीएफ आपल्या माहितीची यादी पाठवतो. त्या यादीच्या पाकिटात ‘माझ्या दारातून एवढ्या आकाराचं पाकीट जाऊ शकतं’ असा आकडाही असतो, त्याला एमटीयू म्हणतात. समजा, एका बाजूला हा आकडा १५०० आहे आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी तो १४०० करून ठेवलाय. लहान दारवाला राउटर मोठ्या दारवाल्याची यादी स्वीकारतच नाही. मोठ्या दारवाला तीच यादी पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो. तोवर वरचं बीजीपी बंद, बीजीपीवर टेकलेलं शाखांचं व्हीपीएन बंद, आणि शाखेतला कारकून फोनवर ओरडतोय.

सराव केलेला माणूस इथे दोन मिनिटांत पोचतो. तो १५०० बाइटचं पाकीट तुकडे न करता पाठवून बघतो, ते पोचत नाही आणि दोष उघडा पडतो. आता दुरुस्तीचेही दोन रस्ते. दोन्ही बाजूंचा एमटीयू सारखा करायचा, किंवा ‘हा आकडा बघूच नकोस’ अशी एक ओळ टाकून मोकळं व्हायचं. दुसऱ्या रस्त्याने शेजारी लगेच ‘फुल’ होतो. पण मोठी पाकिटं पुढेही हरवत राहतात आणि महिनाभराने दुसरी, जास्त विचित्र तक्रार येते. चांगल्या परीक्षेत असा पळवाटेचा रस्ता प्रश्नातल्याच एखाद्या वाक्याने बंद केलेला असतो. ते वाक्य घाईत सुटलं की काम झाल्यासारखं वाटतं आणि गुण मात्र मिळत नाहीत. सीसीआयईमध्ये नापास होणाऱ्यांना ज्ञान कमी पडतं असं सरसकट म्हणता येत नाही. वाचन कमी पडतं, आणि कशावर काय टेकलंय याचा हिशोब चुकतो.

यासाठी लोक एवढे पैसे आणि वर्षं का घालतात, हे समजायला मुंबईकडे बघावं लागतं. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी पावणेबाराच्या आसपास थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, आणि वेळ वाढवून पाच वाजेपर्यंत चालवावे लागले. बाजाराच्या दोन केंद्रांना जोडणाऱ्या दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या होत्या. एक गेली तर दुसरी चालावी, हाच तर त्यातला हेतू. दोन्ही एकाच वेळी डळमळल्या. बाजाराने पुढे दिलेल्या खुलाशात वाटेवरच्या खोदकामाचं आणि बांधकामाचं कारण आलं. शिवाय त्या गडबडीत माहिती साठवणारी यंत्रणाही प्रतिसाद देईनाशी झाली आणि जोखीम मोजणारी व्यवस्था बंद पडली. देशातला सर्वांत मोठा शेअर बाजार चार तास बंद, आणि सुरुवात कुठून तर रस्त्यावरच्या खड्ड्यातून. कागदावर दोन वाहिन्या दिसतात. त्या जमिनीखाली कुठे कुठे शेजारी येतात हे कुणीतरी विचारावं लागतं. लॅबच्या पहिल्या तीन तासांत, रचनेच्या भागात, नेमकी हीच खोड लावली जाते.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगातून नाहीसे झाले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने कंपनीचं अंतर्गत मुख्य जाळं तुटलं. मग त्यांच्या नावं-पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरनी आपले रस्ते बीजीपीमधून स्वतःहून मागे घेतले. दुरुस्त करायला निघालेल्या अभियंत्यांचीही साधनं त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. केमच्या चौकातही त्या रात्री व्हॉट्सॲप बंदच होतं. बहुतेकांनी आपलंच रिचार्ज संपलं असं समजून मोबाइल बंद-चालू केला असेल.

आता मुख्य सवाल: हा अभ्यास केममध्ये बसून होईल का?

वीस वर्षांपूर्वी उत्तर सरळ नाही असं होतं. अभ्यास म्हणजे लोखंड. जुने राउटर, स्विच, केबलींचा गुंता, पंख्यांची घरघर, आणि ते सगळं विकत किंवा तासाच्या भाड्याने. म्हणजे पुणे, मुंबई किंवा बंगळुरूच. ही कोंडी फोडली ख्रिस्तोफ फिलो या फ्रेंच माणसाने. त्याने २००५ साली डायनामिप्स नावाची प्रणाली लिहिली आणि सिस्कोचा राउटर साध्या संगणकात जसाच्या तसा चालू लागला. त्यावर जेरेमी ग्रॉसमन यांनी जीएनएस-३ उभारलं, पुढे ईव्ह-एनजी आलं, आणि सिस्कोनेही स्वतःचं सीएमएल विकायला काढलं. सगळी प्रयोगशाळा एका पेटीत मावली. यात एक गोम आहे. जाळ्याचा सांगाडा फुकट मिळतो, पण त्यात चालवायच्या राउटरच्या प्रती परवान्याच्या असतात. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून फिरत आलेल्या प्रतींवर अर्ध्या देशाचा अभ्यास चालतो. त्यापेक्षा सीएमएलचा सरळ परवाना घेणं बरं, आणि तो परीक्षेच्या फीपुढे काहीच नाही.

पेटी मात्र दांडगी लागते. एकेका आभासी राउटरला तीन-चार जीबी मेमरी, एसडी-वॅनचा व्यवस्थापक एकटाच सोळा ते बत्तीस जीबी खाणार. कॉलेजचा आठ जीबीचा लॅपटॉप इथे मान टाकतो. म्हणून जाणते लोक जुना सर्व्हर घेतात आणि तो शहरात मित्राच्या खोलीवर ठेवतात किंवा क्लाउडवर जागा भाड्याने घेतात. मशीन पुण्यात, माणूस गावात, मधे फायबर. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली, तिलाच २०१५ पासून भारतनेट म्हणतात. रेल्वेच्या रुळांलगतच्या फायबरसाठी २००० साली रेलटेल स्थापन झाली. लॅबच्या सरावाला प्रचंड वेग लागतही नाही, काळ्या पडद्यावर अक्षरंच तर यायची असतात. लागतं ते न तुटणारं कनेक्शन आणि वीज. पाच तासांच्या सराव-परीक्षेत चौथ्या तासाला वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून बसायला कुणाचंही मन होत नाही. घरातला इन्व्हर्टर टीव्हीसाठी घेतलेला असतो, त्याच्यावर राउटर आणि लॅपटॉप चढतात, आणि घरात मालिकेवरून वाद होतो.

या भागात ‘पोरगं अभ्यास करतंय’ म्हटलं की ऐकणारा एमपीएससी धरून चालतो. पुण्यातली अभ्यासिका, खानावळीचा डबा, जाहिरात कधी निघतेय याची वाट, हे सगळं गावाला तोंडपाठ आहे. सीसीआयईचा अभ्यास या चौकटीत बसत नाही. तिथे जागा ठरलेल्या नाहीत, आरक्षण नाही, गुणवत्ता यादी नाही, दुसऱ्याने जास्त गुण मिळवले म्हणून तुमचं काही जात नाही. वयाची अट नाही, पदवीही कुणी विचारत नाही. पण मोठा फरक निराळाच आहे. एमपीएससीचा अभ्यास नोकरी नसताना होतो, हा नोकरी करता करता करावा लागतो. चार-पाच वर्षं खऱ्या जाळ्यांवर हात काळे केल्याशिवाय पुस्तकातल्या ओळींना अर्थ येत नाही. त्यामुळे उमेदवार बहुधा तिशीच्या आसपासचा, लग्न झालेला, हप्ते भरणारा. आईवडिलांना समजावणं एक वेळ सोपं. ‘एवढी नोकरी असताना परत परीक्षा कसली?’ या बायकोच्या प्रश्नाला उत्तर देणं अवघड, आणि तिचं म्हणणं चूकही नसतं.

सुरुवात कुठून होते? महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत संगणकाची पहिली ओळख बहुतेकांना एमएस-सीआयटीने करून दिली. एमकेसीएलचा हा अभ्यासक्रम २००१ पासून सुरू आहे आणि सरकारी नोकरीत संगणकज्ञानाचा पुरावा म्हणून चालतो. तिथे माउस धरलेल्या पोराने पुढे डिप्लोमा करायचा, सोलापूर किंवा पुण्यात इंजिनिअरिंग करायचं. मग सीसीएनए, सिस्कोची पहिली पायरी. तिच्या सरावासाठी सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं आणि ते कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतं. मग एखाद्या कंपनीच्या एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, रात्रपाळी, जिथे अमेरिकेतल्या ग्राहकाची टिकीटं पुण्यात बसून सोडवायची. पहिली दोन वर्षं ‘लिंक डाउन आहे, सेवादात्याला कळवलं’ एवढंच लिहिण्यात जातात. त्या कंटाळ्यातूनच काही जण वर बघतात. सगळेच बघत नाहीत, आणि बघायलाच हवं असंही नाही.

अभ्यासाची पद्धतही गमतीची असते. पहिले काही महिने एकेक विषय सुटा घ्यायचा. मग सगळे एकत्र आणायचे, आणि इथे खरी फजिती सुरू होते. सुटे सुटे नीट चालणारे दोन प्रोटोकॉल एकमेकांना रस्ते सांगू लागले की एकाने सांगितलेला रस्ता दुसऱ्याकडून फिरून पहिल्याकडेच नवा म्हणून परत येतो आणि पाकिटं गोल गोल फिरतात. पुस्तकात याला एक परिच्छेद असतो, पडद्यावर दोन रात्री जातात. शेवटच्या टप्प्यात दोघे-तिघे मिळून एकमेकांची जाळी मोडतात. एकाने पाच ठिकाणी दोष पेरायचे, दुसऱ्याने घड्याळ लावून शोधायचे. सगळं इंग्रजीतून, पण व्हॉट्सॲप कॉलवरची चर्चा अशी: ‘अरे नेबर अप झाला का?’ ‘झाला, पण रूट लर्न करत नाहीये.’ ‘फिल्टर बघ की, कुणी मारलाय तो.’

या वाटेवर एक घाणेरडा बोळही आहे. फुटलेल्या प्रश्नांचा बाजार, त्याला ‘डम्प’ म्हणतात. पैसे द्या, जाळ्याचा नकाशा आणि उत्तरं पाठ करा, बंगळुरूला जाऊन ओका. सिस्को वेळोवेळी प्रश्नसंच बदलते. पकडलेल्याचं प्रमाणपत्र रद्द करण्याचा आणि त्याला कायमचं बाद करण्याचा अधिकारही तिने राखून ठेवलाय. बाजार तरीही संपलेला नाही, कारण क्रमांकाला भाव आहे. सिस्कोच्या गोल्ड पार्टनर कंपन्यांना बरीच वर्षं पदरी चार सीसीआयई असणं बंधनकारक होतं, त्यामुळे काही ठिकाणी माणसापेक्षा त्याच्या क्रमांकाचीच भरती झाली. पाठांतराने मिळालेला क्रमांक मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. तिथे उघडा पडला नाही तर मध्यरात्री खरं जाळं कोसळल्यावर पडतो, आणि तेव्हा किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

पैशाचं बोलायचं तर लॅबची फी १६०० डॉलर, म्हणजे सव्वा ते दीड लाख रुपये, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने. त्यावर प्रवास, राहणं, सर्व्हर, सराव-लॅबचं भाडं. काही कंपन्या फी भरतात आणि बदल्यात अमुक काळ नोकरी सोडायची नाही असं लिहून घेतात. पहिल्याच खेपेला पास होणारे थोडे. अनेकांच्या हिशोबात दोन-तीन खेपा आधीच धरलेल्या असतात. ज्यांच्या घरी ऊसबिलाची वाट बघून घरखर्च मांडला जातो, तिथल्या पोराला दुसऱ्या खेपेची फी मागायची म्हणजे लॅबपेक्षा मोठं धैर्य लागतं.

परीक्षेच्या दिवशी मोबाइल बाहेर. आत सिस्कोची अधिकृत कागदपत्रं उघडता येतात, बाकी इंटरनेट नाही. परीक्षक, म्हणजे प्रॉक्टर, प्रश्नाची भाषा कळली नाही तर खुलासा करतो, उत्तराच्या दिशेने मात्र बोटसुद्धा दाखवत नाही. जेवण तिथेच. निकाल तिथल्या तिथे सांगत नाहीत, तो बहुधा ४८ तासांत ऑनलाइन येतो. नापास झालात तर कोणत्या विभागात किती टक्के एवढंच कळतं. कोणती ओळ चुकली ते कधीच कळत नाही. पास झालात तर क्रमांक मिळतो आणि तीन वर्षांची मुदत सुरू होते. त्या मुदतीत पुन्हा परीक्षा द्यायची किंवा मान्यताप्राप्त शिक्षणाचे १२० गुणांक जमवायचे, नाहीतर क्रमांक नावावर राहतो पण प्रमाणपत्र चालू नाही असं नोंदीत दिसतं. त्यामुळे पास झालेला माणूसही सर्व्हर विकत नाही. तो त्यात पुढच्या आवृत्तीचं काहीतरी चढवून ठेवतो, आणि महिनाअखेरीला त्याचं वीजबिल भरतो.